प्रथिनांना पेशीपटलाची वाट दाखविणारा कण

मानवी आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूची लांबी मिलिमीटरच्या सुमारे पाचशेव्या भागाएवढी असते. एवढ्याशा देहात चार हजारांहून अधिक जनुके असून त्यांच्या आराखड्यानुसार रायबोसोम प्रथिने घडवितात. परंतु जवळजवळ एक-तृतीयांश प्रथिनांचे कार्यस्थान पेशीद्रवात नसते. त्यांना पेशीपटलात रुतून बसावे लागते किंवा पटल ओलांडून पलीकडे जावे लागते. अन्नद्रव्ये आत घेणे, विषारी द्रव्ये बाहेर फेकणे आणि ऊर्जानिर्मिती ही कामे याच प्रथिनांवर सोपविलेली आहेत.

पटलातील प्रथिनांचे बरेचसे भाग जलद्वेषी, म्हणजे पाण्यापासून दूर राहू पाहणारे असतात. पेशीद्रव मात्र जलमय. असे प्रथिन पूर्ण तयार होऊन तेथेच पडून राहिले, तर ते इतर प्रथिनांना चिकटते आणि त्याचा निरुपयोगी गोळा होतो. म्हणून त्याची निर्मिती चालू असतानाच त्याला पटलापाशी नेणे भाग असते.

प्रथिनाला आपले ठिकाण कसे कळते, या प्रश्नाचे उत्तर न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील गुंटर ब्लोबेल यांनी शोधले. प्रथिनाच्या साखळीतच त्याचा पत्ता लिहिलेला असतो, ही कल्पना त्यांनी १९७० च्या दशकात मांडली. पत्त्याच्या या तुकड्याला ‘संकेत-अनुक्रम’ म्हणतात. या कार्यासाठी ब्लोबेल यांना १९९९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा पत्ता वाचणारा कण त्यांनी व पीटर वॉल्टर यांनी १९८० च्या सुमारास सस्तन प्राण्यांच्या पेशींतून वेगळा केला. ‘सिग्नल रेकग्निशन पार्टिकल’ किंवा ‘एसआरपी’ या नावाने ओळखला जाणारा हा कण सहा प्रथिने व एका आरएनए रेणूचा बनलेला असतो.

जिवाणूंतही असाच कण असल्याची चिन्हे १९८९ मध्ये दिसली. तेथील रचना मात्र फारच आटोपशीर आहे. ई. कोलायमध्ये ‘एफएफएच’ हे एकच प्रथिन आणि ११४ दुव्यांचा एक आरएनए एवढ्यावर काम भागते. पटलापाशी या कणाचे स्वागत करणाऱ्या प्रथिनाला ‘एफटीएसवाय’ म्हणतात. या साधेपणामुळेच एसआरपीची रचना उलगडण्यासाठी संशोधकांनी जिवाणूंकडे धाव घेतली.

अमेरिकेतील यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांत सापडलेला थर्मस अॅक्वाटिकस हा जिवाणू येथे उपयोगी पडला. डीएनएच्या प्रती काढण्याच्या पीसीआर तंत्रातील प्रसिद्ध विकर मूळचे याच जिवाणूचे. उष्णतेत टिकणारी त्याची प्रथिने स्थिर असल्याने स्फटिकीकरणास सोयीची ठरतात. अशा स्फटिकांतून क्ष-किरण सोडून, त्यांच्या विखुरण्यावरून अणूंच्या जागा ठरविल्या जातात.

या जिवाणूच्या एफएफएचची संपूर्ण रचना १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रथिनाच्या एका भागात जलद्वेषी अस्तर असलेली खोल खाच आढळली. तिच्या कडेला मेथिओनिन या अमिनो आम्लाची लवचिक टोके ब्रशच्या केसांसारखी उभी असतात. त्यामुळे एक जुने कोडे सुटण्यास मदत झाली. निरनिराळ्या प्रथिनांचे संकेत-अनुक्रम अक्षरशः जुळत नाहीत. त्यांच्यात समान असतो तो जलद्वेष. लवचिक खाच प्रत्येकाला आपल्यात सामावून घेऊ शकते. पुढे २००० मध्ये जेनिफर डाउडना यांच्या प्रयोगशाळेने हा भाग आरएनएसह १.८ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाव्याने दाखविला. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. आरएनए हा नुसता सांगाडा नसून तो संकेत पकडणाऱ्या पृष्ठभागाला लागूनच असतो, असे त्यातून दिसले.

पत्ता वाचला, तरी माल योग्य ठिकाणी पोहोचल्याची खात्री कोण करतो? याचे उत्तर २००४ मध्ये मिळाले. एफएफएच आणि एफटीएसवाय एकमेकांना जवळजवळ जुळ्या भावंडांप्रमाणे बिलगतात आणि दोघांनी आणलेले जीटीपीचे ऊर्जावाहक रेणू एका सामाईक कप्प्यात समोरासमोर येतात. त्या रेणूंचे विघटन होण्यास दोघांचीही गरज असते. एकट्याने ते नीट साधत नाही. विघटन झाले की जोडी सुटते आणि कण पुढच्या फेरीस मोकळा होतो. झुरिचमधील नेनाद बान व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये संपूर्ण कणाची रचना दाखविली, तेव्हा ही जोडी आरएनएच्या दुसऱ्या टोकाला, सुमारे १०० अँगस्ट्रॉम दूर गेलेली आढळली. या सरकण्यामुळे रायबोसोमला पटलातील ‘सेकवाय’ या द्वारमार्गाशी जोडले जाण्यास वाट मिळते. चुकीचा माल असल्यास ही जोडी सावकाश जमते, सैल राहते किंवा जीटीपीचे विघटन वेळेआधी होऊन माल गळतो, हे २०१० च्या प्रयोगांनी दाखविले होते. म्हणजेच पत्त्याची तपासणी एकदा होत नाही. ती प्रवासाच्या प्रत्येक टप्प्यावर होते.

जिवाणूतील एफएफएच आणि माणसातील ‘एसआरपी-५४’ हे एकाच पूर्वज प्रथिनाचे वंशज आहेत. माणसातील या प्रथिनाच्या जनुकात बिघाड झाल्यास न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची जन्मजात तीव्र कमतरता उद्भवते, हे २०१७ मध्ये स्पष्ट झाले. एसआरपीविरुद्ध शरीरातच प्रतिपिंडे तयार झाल्यास स्नायूंचा एक गंभीर विकारही होतो. हेच नाते औषधशास्त्रापुढे अडचणही उभी करते. ही यंत्रणा बंद पाडणारे प्रतिजैविक जिवाणूला मारील, पण ते रुग्णाच्या पेशींनाही इजा करू शकेल. दोन्ही रचनांमधील सूक्ष्म फरक अणूच्या पातळीवर ओळखणे म्हणूनच आवश्यक ठरते. उष्ण झऱ्यातील एका जिवाणूपासून सुरू झालेला हा अभ्यास अशा रीतीने रुग्णाच्या प्रश्नांपर्यंत येऊन पोहोचला आहे.