फोटोतलं कुंकू काळं का?

घरातल्या जुन्या अल्बममधला एखादा कृष्णधवल फोटो काढा. पणजीचा, तिच्या जावेचा, कुणाचाही. कपाळाकडे बघा. कुंकू काळं आहे. नुसतं गडद नाही, काजळाचं बोट टेकवावं तसं काळं. आपण हे इतक्या वेळा पाहिलेलं असतं की त्याचं काही वाटत नाही. कृष्णधवल फोटोत रंगच नसतात, मग लाल काय आणि काळं काय, असं म्हणून आपण पान उलटतो.

पण कृष्णधवल फोटोत रंग नसले तरी रंगांचा हिशेब असतो. कुठला रंग किती उजळ दिसेल, कुठला किती गडद, हे काचेवरच्या किंवा फिल्मवरच्या रसायनाने ठरवलेलं असतं. आणि फोटोग्राफीच्या पहिल्या जवळपास शंभर वर्षांत या हिशेबात लाल रंगाच्या खात्यावर बहुतेक वेळा शून्य मांडलं गेलं.

माझं लक्ष याकडे गेलं ते एका स्पर्धेमुळे. हौशीने फोटो काढणाऱ्यांचा आमचा एक गट आहे. अधूनमधून एखादा रंग विषय म्हणून ठरतो आणि प्रत्येकाने स्वतः काढलेला एक फोटो द्यायचा. या खेपेला रंग होता लाल, आणि मी तीन परीक्षकांपैकी एक. अपेक्षित ते सगळं आलं. पावसात घाट चढणारी लाल परी, जांभ्याचा चिरेबंदी गडगा, वाळत घातलेली ब्याडगी मिरची, दारातली जास्वंद. जोतिबाच्या यात्रेतला गुलालात न्हालेला एक चेहराही आला आणि त्यावरून गुलालाला लाल म्हणायचं की गुलाबी, असा वाद झाला.

आणि एक फोटो आला ज्यात लाल कुठेच नव्हता. पांढऱ्या भिंतीवर टांगलेली एक फ्रेम, फ्रेममध्ये १९४८ सालचा स्टुडिओत काढलेला लग्नाचा फोटो. नवरी खुर्चीत बसलेली, अंगावर काळा शालू, कपाळावर काळी टिकली. खाली एवढंच लिहिलेलं: ‘आजीचा लाल शालू.’ शालू अजून ट्रंकेत आहे, डाळिंबी लाल आहे, असं फोटो देणारीने विचारल्यावर सांगितलं. माझे सहपरीक्षक म्हणाले, विषय लाल आहे, आठवण नाही. हा फोटो बाद. मला तसं वाटेना. का वाटेना, ते सांगायला जरा मागे जावं लागेल.

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेरच्या तंत्राची घोषणा झाली, तेव्हापासून फिल्मचा जमाना संपेपर्यंत फोटो म्हणजे मुळात चांदी. चांदीच्या क्षारांवर प्रकाश पडला की त्यांच्यात बदल होतो, आणि त्यातून चित्र उमटतं. पण हा बदल घडवायला प्रकाशात पुरेसा जोर लागतो. निळ्या, जांभळ्या आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील प्रकाशात तो असतो. लाल प्रकाशात नसतो. चांदीच्या साध्या क्षारांच्या दृष्टीने लाल प्रकाश म्हणजे अंधारच. सिनेमात दिसणाऱ्या डार्करूममधला तो लाल दिवा काही वातावरणनिर्मितीसाठी नसतो. कागदाला तो दिसत नाही, म्हणून तर तो लावता येतो.

याचे दोन परिणाम झाले. एक, निळं आकाश पांढरंफटक पडायचं. एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक फोटोंत ढग नाहीत याचं कारण हेच. फ्रान्समध्ये गुस्ताव ल ग्रे याने १८५६-५७च्या सुमारास समुद्राचे सुंदर फोटो काढले, तेव्हा त्यातल्या काहींसाठी त्याला समुद्राची एक आणि आकाशाची दुसरी अशा दोन निगेटिव्ह जोडाव्या लागल्या. दुसरा परिणाम आपल्या कामाचा: जे लाल ते काळं.

आता हे तंत्र घेऊन मुंबईत या. १८५४ साली इथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. सभासदांत इंग्रज अधिकारी होते तसे एतद्देशीयही होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्यातले एक जाणते छायाचित्रकार. १८५६ ते १८५८ या काळात मुंबईतून फोटोंची एक मालिका निघत होती, तिच्या नावातच ‘अमॅच्युअर’ हा शब्द होता: ‘द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’. म्हणजे हौशी फोटोग्राफर ही जात आपल्याकडे फोनसोबत आलेली नाही. ती १८५७च्या उठावाआधीची आहे.

त्या मालिकेशी संबंधित असलेल्या विल्यम जॉन्सन याने पुढे मुंबईतल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या फोटोंचे ग्रंथ काढले. त्यानंतर १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे आठ खंड सरकारी पाठबळाने निघाले. माणसं समोर बसवायची, फोटो काढायचा, खाली जात आणि तिचे तथाकथित गुणदोष लिहायचे, असा तो मामला. या ग्रंथांवर टीका पुष्कळ झाली आहे, पण ती बहुतेक करून खालच्या मजकुरावर. वरच्या काचेचंही थोडं बघायला हवं.

माणसाची त्वचा, विशेषतः सावळी त्वचा, निळा प्रकाश कमी परतवते आणि लाल जास्त. आपल्या डोळ्यांना गव्हाळ, तांबूस दिसणारा चेहरा त्या काळच्या काचेला तिच्या एकट्या निळ्या डोळ्याने दिसायचा. म्हणजे मुळापेक्षा गडद. गोऱ्या माणसांच्या अंगावरचे फिकट तांबडे ठिपकेही त्या फोटोंत शाईचे शिंतोडे वाटतात. पण गोऱ्यांच्या फोटोंवरून कुणी त्यांच्या वंशाचा निवाडा करत नव्हतं. आपल्याकडचे फोटो मात्र पुरावा म्हणून ग्रंथात लागले. त्यांत चेहऱ्याचा वर्ण सांगणारी काच अर्धी रंगांधळी होती.

या रंगांधळेपणाची सगळ्यात गमतीची गोष्ट लंडनमध्ये घडली. १७ मे १८६१ रोजी जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जगाला रंगीत फोटो दाखवला. विषय होता चौकटींच्या विणीची एक स्कॉटिश फीत. थॉमस सटन याने तिचे लाल, हिरवा आणि निळा अशा वेगवेगळ्या फिल्टरमधून फोटो काढले होते. ते त्याच रंगांच्या प्रकाशात पडद्यावर एकमेकांवर टाकले आणि फीत रंगीत दिसू लागली. आपल्या फोनचा पडदा आजही याच तत्त्वावर चालतो.

पण थांबा. त्या काचेला लाल दिसतच नव्हता. मग लाल फिल्टरमागच्या काचेवर काही उमटलं कसं? हे कोडं पुढे शंभर वर्षं तसंच होतं. १९६१ साली कोडॅक कंपनीच्या राल्फ इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी तो प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा उलगडा झाला. फितीतला लाल रंग अतिनील किरणही परतवत होता, आणि मॅक्सवेलचा लाल फिल्टर ते किरण अडवत नव्हता. काचेने टिपलं होतं ते अतिनील. म्हणजे त्या प्रसिद्ध रंगीत फोटोतला लाल हा लाल नव्हताच. नशीब बलवत्तर म्हणून तो लालच्या जागी येऊन बसला.

खरा उपाय १८७३ साली बर्लिनमध्ये सापडला. हर्मान फोगेल या रसायनशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की काचेवरच्या लेपात विशिष्ट रंगद्रव्य मिसळलं की तिला हिरवंही दिसू लागतं. रंगद्रव्य प्रकाश शोषतं आणि त्याचा जोर चांदीकडे पोचवतं. यातून जी काच आणि पुढे जी फिल्म आली तिला ऑर्थोक्रोमॅटिक म्हणतात. तिला निळं दिसे, हिरवं दिसे, पिवळंही दिसे. लाल मात्र अजूनही नाही. सगळे रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा इंग्लंडमध्ये १९०६पासून बाजारात आल्या.

मग १९४८ सालच्या फोटोत शालू काळा कसा? कारण नवं तंत्र निघालं म्हणून जुनं लगेच सुटत नाही. ऑर्थोक्रोमॅटिक माल पुढे कितीतरी वर्षं चालू राहिला. लाल दिव्यात डोळ्यांदेखत धुता येतो ही त्याची मोठी सोय होती. पॅनक्रोमॅटिकला मिट्ट काळोख लागतो. कोडॅकची व्हेरिक्रोम ही हौशी लोकांची लाडकी रोल फिल्म १९३१ साली आली ती ऑर्थोक्रोमॅटिकच, आणि तिच्या जागी लाल ओळखणारी व्हेरिक्रोम पॅन यायला १९५६ साल उजाडलं. त्या स्टुडिओत नेमका कुठला माल वापरला होता हे फ्रेमवर लिहिलेलं नाही. पण शालू काळा, कुंकू काळं, आणि शेजारची जर लख्ख, या खुणा पुरेशा बोलक्या आहेत.

मी तो फोटो ठेवायच्या बाजूने मत दिलं. त्यात लाल नाही, पण लाल रंगाचं काय झालं ते आहे. फोटो स्पर्धेत राहिला. बक्षीस लाल परीला मिळालं आणि ते योग्यच होतं.

लोकांनी मात्र हा अन्याय मुकाट्याने सोसला नाही. स्टुडिओवाल्यांनी फोटोवर ब्रशने रंग चढवायला माणसं ठेवली. पागोटं लाल, ओठ लाल, कुंकू लाल. आज ते फोटो आपल्याला भडक वाटतात, पण कॅमेऱ्याने खाल्लेलं परत मिळवायचा तेवढाच मार्ग होता. दुसरीकडे राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे प्रत्येक रंगाचा वेगळा दगड करून चित्रं छापली जात. त्यामुळे एकाच भिंतीवर शेजारी शेजारी कमळावरच्या लक्ष्मीची साडी लाल आणि घरच्या लक्ष्मीचा शालू काळा, असा देखावा कितीतरी माजघरांत असणार.

सिनेमानेही धडपड केली. १९३३ साली व्ही. शांताराम यांनी प्रभातसाठी ‘सैरंध्री’ रंगीत करायला घेतला. रंगीत प्रती जर्मनीत तयार करून घेतल्या, पण रंग मनासारखे उतरले नाहीत. १९३५ साली कोडाक्रोम आली आणि अमेरिकेत लाल रंगाला खऱ्या अर्थाने न्याय मिळाला. आपल्या बहुतेक घरांतल्या अल्बमांत रंग शिरायला त्यापुढे आणखी काही दशकं गेली.

आणि रंग आला म्हणून पक्षपात संपला असंही नाही. रंगीत फोटो छापताना यंत्र जुळवायला कोडॅक एक नमुन्याचं कार्ड पाठवायची. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असे. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. शर्लीची कांती नीट आली म्हणजे रंग बरोबर. फिल्ममधल्या गडद तपकिरी छटा पुढे सुधारल्या. त्यामागे चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्या कंपन्यांच्या तक्रारींचाही हात होता. डार्क चॉकलेट आणि मिल्क चॉकलेट यांतला फरक फोटोत कळेना, ही अडचण सावळ्या माणसांच्या गाऱ्हाण्यापेक्षा लवकर ऐकू गेली.

आता तुमच्या हातातला फोन. त्याच्या कॅमेऱ्यातली चकती स्वतः रंग ओळखत नाही. तिच्यावर बारीक रंगीत चौकोनांची जाळी असते. ही युक्ती कोडॅकमधल्या ब्राइस बायर याची; पेटंट १९७६ सालचं. तिच्या मूळ मांडणीत दर चार चौकोनांत दोन हिरवे, एक निळा आणि एकच लाल. म्हणजे फोटोतल्या चारातल्या तीन ठिपक्यांचा लालपणा फोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरतो. भर उन्हातल्या जास्वंदीचा फोटो काढला की पाकळ्यांच्या शिरा जातात आणि सपाट लाल ठिगळ उरतं, हा अनुभव तुम्हाला असेल. लाल चौकोन काठोकाठ भरतात, पुढचं काही नोंदलं जात नाही. पडद्यावर फुलाला बोट लावा, उजेड थोडा खाली ओढा, मग काढा. शिरा परत येतात. आमच्या स्पर्धेतल्या निम्म्या जास्वंदी या एका गोष्टीवर मागे पडल्या.

आणखी एक करून बघा. कुंकू लावलेल्या कुणाचाही चांगला रंगीत फोटो घ्या आणि स्नॅपसीडसारख्या ॲपमध्ये कृष्णधवल करा. तिथे रंगीत फिल्टरांचा पर्याय असतो. निळा निवडा: चेहरा सावळतो, कुंकू काळं पडतं, आणि शंभर वर्षांपूर्वीची काच तुमच्या हातात येते. मग लाल निवडा. चेहरा उजळेल आणि कुंकू फिकट होत होत जवळजवळ पुसलंच जाईल. फोटो तोच, माणूस तोच, उजेडही तोच. बोटाच्या एका टिचकीने सवाष्णीचं कपाळ रिकामं झालेलं असेल.