परिचर्येचे मोल

युद्धात अवयव गमावलेल्या शिपायास निवृत्तिवेतन मिळते, हे आपल्या ज्ञातीतील बहुतेक कुटुंबांस ठाऊक असेल. परंतु रात्री त्यास कूस पालटून देणाराचे काय?

जखमी शिपायांस उद्योग शिकविण्याकरिता १९१७ साली मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली व पुढे ती खडकीस आली. ज्यांचे हात चालतात त्यांची ही सोय. कण्यास दुखापत होऊन लुळे पडलेल्यांसाठी खडकीतच १९७४ साली पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर उभे राहिले.

घरी परतणाऱ्यांकरिता तजवीज निराळी. अपंगत्व शंभर टक्के ठरून अखंड परिचर्येची गरज मान्य झाल्यास निवृत्तिवेतनाखेरीज परिचर्येचा भत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर, २०१७ सालच्या निर्णयाने, तो मासिक ४५०० रुपयांवरून ६७५० रुपये झाला. म्हणजे दिवसास सव्वादोनशे. तेवढ्यात अहोरात्र माणूस कोठून मिळावा? (आमच्या मते ही उणीव बहुधा पत्नी किंवा माताच भरून काढते.) तथापि देहहानीची भरपाई वेगळी व परिचर्येचा खर्च वेगळा, हे तत्त्व येथे मान्य झाले, ही गोष्ट लहान नव्हे. अशा जवानांच्या घरच्यांनी वैद्यकीय मंडळाच्या कागदावर परिचर्येची शिफारस आहे की नाही, हे आधी पाहावे.