पांढरी रेघ

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याच्या बटणावरची पांढरी रेघ पुसली गेली. पुसणारा मीच. ओलं फडकं आणि अंगात आलेला उत्साह, दुसरं काय!

बटण पडलं गोल. रेघ गेल्यावर त्याचं तोंड कुठलं नि पाठ कुठली, कळेना. भोवती पट्ट्यांची नावं नीट छापलेली. पण बटण बघतंय कुणाकडं? आत्या म्हणाली, "खऱ्या तानपुऱ्याच्या खुंटीला कधी रेघ बघितलीस काय रे?" अल्लादियाखाँसाहेबांच्या कोल्हापुरात या प्रश्नाला उत्तर नसतं. इथं कान हाच काटा!

अमेरिकेत मात्र या रेघेवाचून अडत असे. १९७० साली रॉबर्ट मूग यांच्या कंपनीचा मिनीमूग हा सिंथेसायझर आला. त्याला स्मरणशक्ती नावाची चीज नव्हती. आज जमलेला आवाज उद्या परत हवा असेल, तर कागदावर बटणांची चित्रं काढायची आणि कुणाची रेघ कुठं होती ते टिपून ठेवायचं. असलं बटण सुमारे ३०० अंश फिरतं, म्हणजे घड्याळातल्या सातपासून वरून वळसा घेऊन पाचपर्यंत. रेघ झाली काटा. अंधाऱ्या रंगमंचावरही एका नजरेत कळावं म्हणून काळ्यावर पांढरी. आमच्या स्वयंपाकघरातल्या मिक्सरलाही हीच विद्या. असो.

मग १९७८ साली डेव्ह स्मिथ यांचा प्रॉफेट-५ आला. त्याला चाळीस आवाज पाठ! एक कळ दाबली की जुना आवाज हजर. पण बटणं आपली शेवटच्या माणसानं सोडली तिथंच. आवाज एक, रेघ दाखवतेय भलतंच. रेघ खोटं बोलायला शिकली ती अशी. यावर २००१ साली स्वीडनच्या नॉर्ड लीड ३ नं बटणाची रेघच काढून घेतली. बटण नुसतं गरगर फिरतं आणि भोवती दिव्यांचं कडं. आवाज बदलला की दिवे आपोआप सरकतात.

आमच्याकडं कडं कुठलं? मी बायकोची नेलपॉलिश घेतली. आत्यानं डोळे मिटून बटण फिरवलं, सूर लावला आणि म्हणाली, "ही माझी काळी चार. हितंच ठिपका दे." चाळीस वर्षं ती काळी चारमध्ये गायली. मी सवयीनं पेटीवर सूर ताडून बघितला. पांढरी पाच निघाली. अर्ध्या सुरानं खाली.

आत्या माझ्याकडं बघत नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

मी बटणावर ठिपका दिला, बरोबर 'काळी चार' या अक्षरांसमोर. तानपुरा वाजतो पांढरी पाच, ठिपका दाखवतो काळी चार. आत्या रोज सकाळी गाते.

पेटी मी माळ्यावर टाकली आहे.