निखळलेला खुबा

खुबा निखळला की बहुधा पाय आखूड दिसतो, गुडघा आत वळतो. एकेकाळी अशा पायाला कप्प्या लावून ताणीत. अमेरिकेतील चार्ल्स लॉवेलचा १८२१ साली निखळलेला खुबा बोस्टनच्या नामांकित वॉरेन यांनाही असा बसविता आला नाही; तो कायमचा अधू झाला. कारण उलगडले १८६९ साली, हेन्री बिगेलो यांच्या ग्रंथात. सरळ पाय ओढला की सांध्यापुढचा चिवट अस्थिबंध ताठतो. मांडी वाकविली की सैल पडतो, हाड खोबणीत परतते. जोर हरला, जाण जिंकली!

आज भूल देऊन, शक्यतो सहा तासांत सांधा बसवितात; उशिराने रक्तावाचून हाडाचा गोळा मरू शकतो. म्हणून मंडळी, कामावर सोबती पडला तर पाय ओढू नका; आहे तसाच फळीवरून इस्पितळात न्या. त्याच पायावर त्याचे घर उभे असते.