जोडीचा चार्ट आणि नदीची नोंद

१९६१ हे साल महाराष्ट्राच्या इतिहासात पानशेतसाठी लक्षात राहिले आहे. त्या वर्षी १२ जुलैला सकाळी वेल्हे तालुक्यातील आंबी नदीवरचे पानशेतचे मातीचे धरण फुटले. ते पाणी खडकवासल्यात आले. एकोणिसाव्या शतकातले ते जुने दगडी धरणही टिकले नाही आणि पुणे शहर मुठेच्या पुरात बुडाले. त्याच वर्षी मुंबईत आणखी एक गोष्ट घडली. तिची बातमी कोणी पहिल्या पानावर छापली नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे भाव तारेने मुंबईला येत असत. ते येणे बंद झाले.

या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण दोन्हींनंतर आकडे लिहून ठेवण्याची एकेक सवय वाढली. पुणेकर पावसाळ्यात रोज सकाळी पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला यांचा साठा वर्तमानपत्रात पाहतात. दुसरीकडे गावोगावी, पानपट्टीच्या मागे, रिक्षाच्या सीटखाली आणि आता मोबाईलमध्ये, मटक्याच्या मागच्या आकड्यांचा चार्ट जपला जातो. दोघेही मागचे आकडे पाहून पुढचे सांगू पाहतात. एकाला आपण शहाणपण म्हणतो, दुसऱ्याला व्यसन. हा फरक फक्त नीतीचा आहे की गणिताचाही, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

कापसाच्या भावातून मटका

मुंबईत कापसाचा व्यापार मोठा, आणि त्याच्या सावलीत सट्टाही मोठा. न्यूयॉर्कचा बाजार उघडतानाचा भाव आणि बंद होतानाचा भाव, यांतल्या आकड्यांवर लोक पैसे लावत. कापूस विकत घ्यायचा नाही, पाहायचाही नाही. फक्त आकडा. आजही मटक्यात 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द आहेत, ते तिथून आले. मुंबईचा १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा वाचला, तर त्यात कापूस, अफू यांच्या भावातील अंकांवर लावलेली पैज आणि पावसावर लावलेली पैज, या दोन्हींचा उल्लेख सापडतो. पाऊस किती पडेल यावरही आपल्याकडे सट्टा चालत असे. म्हणजे नदी आणि आकडा यांची गाठ कायद्याच्या पुस्तकात आधीच पडलेली होती.

न्यूयॉर्कचे भाव थांबल्यावर सट्टा थांबला नाही. कच्छमधून मुंबईत आलेल्या कल्याणजी भगत यांनी १९६२ साली वरळी मटका सुरू केला. फाळणीनंतर कराचीहून आलेले सिंधी गृहस्थ रतन खत्री यांनी १९६४ पासून 'न्यू वरळी मटका' चालवला. मातीच्या मडक्यात चिठ्ठ्या टाकून आकडा काढायचा म्हणून नाव मटका. पुढे चिठ्ठ्यांच्या जागी पत्ते आले, पण नाव राहिले. गिरण्यांमधला कामगार हा या धंद्याचा मोठा गिऱ्हाईक होता. हिंदू, मुसलमान, दलित, मराठी, भय्या, सगळे एकाच चिठ्ठीवर. पगाराच्या दिवशी भेद मिटवणारी ही जागा होती, आणि घरी जाताना सगळ्यांचा खिसा सारखाच हलका करणारीही. आणीबाणीत खत्रींना तुरुंगात टाकले, धंदा तरीही चालू राहिला. गिरण्या बंद पडल्या, आकडा राहिला.

चार्टमध्ये काय दिसते

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शून्य ते नऊ यांतले तीन आकडे निघतात. समजा ३, ५ आणि ६. यांची बेरीज १४, तिचा शेवटचा अंक ४. हा झाला ओपन. ३५६ ही झाली पाना किंवा पत्ती. नंतर असेच तीन आकडे पुन्हा निघतात आणि क्लोज ठरतो. ओपन ४ आणि क्लोज ९ आला, तर जोडी ४९. सोमवार ते शनिवार अशा रकान्यांत या जोड्या आठवड्यामागून आठवडा लिहिल्या, की चार्ट तयार. एकसारख्या अंकांच्या जोड्या लाल शाईत. मग जाणकार मंडळी तो उभा वाचतात, आडवा वाचतात, तिरका वाचतात. एकाचा 'कट' सहा, दोनाचा सात, तिनाचा आठ असे हिशेब मांडतात. अमुक आकडा बरेच दिवस आला नाही, आता येणारच, असे छातीठोकपणे सांगतात.

यातले काही खरेच दिसते, हे आधी मान्य करू. पाने एकूण २२०. तिन्ही आकडे वेगळे असलेली १२०, दोन सारखे असलेली ९०, तिन्ही सारखे असलेली १०. हजार वेळा आकडे काढले तर साधारण ७२० वेळा पहिल्या प्रकारची पाने येतील, २७० वेळा दुसऱ्या आणि १० वेळा तिसऱ्या. चार्टवाल्याला हे वर्षानुवर्षांच्या निरीक्षणातून कळते आणि ते बरोबर असते. पण ते धंदा चालवणाऱ्यालाही कळते. म्हणून दुर्मीळ पानाला जास्त भाव, सर्रास येणाऱ्याला कमी. जो नियम खरोखर आहे, तो भावात आधीच वळता केलेला आहे. उरलेल्या एकेरी आकड्यांत तर तेवढाही नियम नाही. प्रत्येक अंकाच्या वाट्याला बरोबर २२ पाने येतात, १२ वेगळी, ९ दुहेरी, १ तिहेरी. दहाही अंकांची संधी समान.

मग नक्षी का दिसते? कारण नक्षी न दिसणे हेच अवघड आहे. जोड्या शंभर आहेत. दोन आठवड्यांच्या बारा जोड्या लिहा. त्यांत एखादी जोडी दोनदा आलेली असण्याची शक्यता जवळजवळ निम्मी असते. चार आठवड्यांत ती ९५ टक्क्यांवर जाते. 'मागच्याच महिन्यात आली होती, बघा परत आली' असे म्हणणारा खोटे बोलत नसतो. ते होणारच होते. कोणती जोडी परत येणार, हे मात्र त्याला आधी सांगता आले नसते. उलट बाजूनेही तसेच. वर्षात तीनशेबारा वेळा खेळ झाला, तर शंभरातल्या सरासरी चार जोड्या वर्षभर एकदाही येत नाहीत. लोक नेमक्या त्यांच्यामागे लागतात, जणू त्या जोडीवर कर्ज थकले आहे. मडक्याला मात्र काल काय निघाले ते आठवत नाही.

ही आपल्याच लोकांची खोड आहे असे नव्हे. फ्रेंच गणिती लाप्लास यांनी १८१४ च्या आपल्या निबंधात लिहून ठेवले आहे, की सरकारी लॉटरीत एखादा आकडा बरेच दिवस आला नाही की लोक त्याच्यावर तुटून पडतात. इटलीत व्हेनिसच्या सोडतीत ५३ हा आकडा २००३ पासून जवळजवळ दोन वर्षे आला नाही. लोकांनी त्याच्यावर अब्जावधी युरो लावले, घरे गहाण टाकली, काहींनी जीव दिला. ९ फेब्रुवारी २००५ ला तो एकदाचा आला. तोवर ज्यांचे संपायचे त्यांचे संपले होते.

यावर चार्टवाल्याचे एक उत्तर असते, की आकडा नशिबाने निघतच नाही, वरून ठरवतात, आणि ठरवणाऱ्याची चाल चार्टमधून पकडता येते. घटकाभर हे खरे धरू. ठरवणारा कोणता आकडा काढील? ज्याच्यावर सर्वांत कमी पैसे लागले आहेत तो. म्हणजे चार्ट पाहून शंभर जणांना एकच आकडा 'फिक्स' वाटला, तर तोच न येण्याची खात्री जास्त. सोडत प्रामाणिक असेल तर तिला स्मृती नाही. अप्रामाणिक असेल तर तिची स्मृती तुमच्या विरुद्ध काम करते. चार्ट दोन्हीकडे निरुपयोगी.

चांगल्या कामासाठी जुगार

अरबस्तानात इस्लामपूर्व काळी 'मैसिर' नावाचा खेळ होता. उंट कापायचा, त्याचे वाटे करायचे आणि खुणा केलेले बाण काढून कोणाला किती वाटा ते ठरवायचे. जिंकणारे ते मांस बहुधा गोरगरिबांना वाटत, आणि त्यात मोठेपणा मानत. कुरआनने जुगाराला मनाई केली ती या पार्श्वभूमीवर. विशेष म्हणजे त्यात लोकांचा काही फायदा असतो हे नाकारलेले नाही. फायद्यापेक्षा हानी मोठी, असा तो निवाडा आहे. हे सांगायचे कारण, की दानधर्माची सबब त्या काळीही हाताशी होती.

तीच सबब आधुनिक सरकारांनी वापरली. केरळने १९६७ मध्ये सरकारी लॉटरी सुरू केली. तेव्हाचे अर्थमंत्री पी. के. कुंजू साहेब, म्हणजे एक मुसलमान गृहस्थच, तिचे जनक समजले जातात. महाराष्ट्राची लॉटरी १९६९ मध्ये आली. लोक मटक्यावर पैसे घालवतात, त्यापेक्षा ते सरकारी तिजोरीत येऊन विकासाला लागावेत, असा विचार होता. पुढे १९९८ च्या केंद्रीय कायद्याने एका अंकावर बक्षीस देणाऱ्या लॉटऱ्यांना मनाई केली, कारण त्या मटक्याचेच दुसरे रूप होत्या. पण तिकिटाच्या शेवटच्या अंकांच्या वह्या ठेवणारी माणसे लॉटरीच्या दुकानाबाहेर आजही दिसतात. आकडा सांगणारा बाबा किंवा फकीर शोधत फिरणारेही दिसतात. त्यात कोणत्याच धर्माची मक्तेदारी नाही.

नदीला आठवते

आता नदीकडे वळू. कैरोत नाईल नदीतील रोडा बेटावर पाण्याची पातळी मोजणारा एक खांब आहे. आजचा खांब अब्बासी खलीफा अल-मुतवक्किलच्या काळात, इ.स. ८६१ मध्ये बांधला गेला. नाईलला पाणी किती चढले यावर पीक ठरे आणि पिकावर सारा. त्यामुळे नोंदी काटेकोर ठेवल्या गेल्या. इ.स. ६२२ पासून पुढची साडेसहाशे वर्षांहून मोठी, जवळजवळ सलग मालिका आज उपलब्ध आहे. हिजरीच्या पहिल्या सालापासूनचा नदीचा हा चार्टच.

हॅरॉल्ड हर्स्ट नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ इजिप्तमध्ये अनेक दशके राहिले. धरण किती मोठे बांधावे हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी या नोंदी पाहिल्या आणि तुलनेसाठी नाणी उडवूनही पाहिली. १९५१ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला. नाणे मागचे विसरते, नाईल विसरत नाही. भरल्या वर्षांना भरली वर्षे लागून येतात, कोरड्यांना कोरडी, आणि हे नाण्याच्या हिशेबापेक्षा कितीतरी अधिक काळ टिकते. म्हणून धरण त्या हिशेबापेक्षा मोठे हवे. नदीची वही वाचण्यात अर्थ आहे, कारण पुरामागे पाऊस आहे, समुद्र आहे, जमीन आहे. आजच्या पाण्याचा कालच्या पाण्याशी धागा आहे. मडक्यातल्या चिठ्ठीमागे असा धागा नाही.

तरीही नदीची वही मटक्याच्या चार्टसारखी वाचणारे लोक आहेत. आपल्या नद्यांच्या काठी पूररेषा आखतात. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 'शंभर वर्षांतून एकदा' याचा अर्थ अनेक जण असा घेतात, की मोठा पूर येऊन गेला, आता नातवंडांपर्यंत निश्चिंती. खरा अर्थ, दरवर्षी शंभरात एक संधी. म्हणजे बरोबर एका जोडीइतकी. मागच्या वर्षी येऊन गेली म्हणून ती कमी होत नाही. लाल रेषेवर घर घेऊन तीस वर्षांचे कर्ज काढणाऱ्याच्या दारात ते कर्ज फिटेपर्यंत तसा पूर येण्याची शक्यता २६ टक्के आहे. मटक्यात इतकी संधी कोणी देत नाही.

आणि पानशेत? तिथे तर नशिबाचा प्रश्नच थोडा होता. धरणाचे काम पुरते झालेले नसताना १९६१ च्या पावसाळ्यात पाणी अडवले गेले. पाणी सोडण्याच्या मोरीचे आणि तिच्या दरवाजांचे काम अर्धवट होते. मोरीवरचा मातीचा भराव खचत गेला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, त्यामुळे धरण अंधारात न फुटता सकाळी फुटले आणि कितीतरी जीव वाचले. पुढे धरण पुन्हा बांधले गेले, त्याला तानाजीसागर नाव मिळाले. या सगळ्याला 'नशिबाचा फेरा' म्हणणे सोपे होते, आजही सोपे जाते. पण जिथे कारण शोधता येते तिथे तकदीरचे नाव घेणे, म्हणजे जबाबदार माणसांना सोडून देणे. जिथे कारण नाहीच, तिथे चार्ट मांडून कारण शोधणे, म्हणजे घरातल्या माणसांच्या तोंडचा घास सोडून देणे. चुका दोन दिसतात, पण मूळ एकच.

ज्याला वही ठेवायचीच आहे, त्याने तीत फक्त दोन रकाने पाडावेत. एकात रोज लावलेले पैसे, दुसऱ्यात हाती आलेले. ओपनला रुपयाला नऊ आणि जोडीला नव्वद हा भाव धरला, तर दहा अंकांवर एकेक रुपया लावणाऱ्याचे नऊ परत येतात, शंभर जोड्यांवर लावणाऱ्याचे नव्वद. प्रत्येक शंभरामागे दहा गेले. वर्षअखेर बेरीज केली की हीच एक नक्षी त्या वहीत ठळक दिसेल, आणि ती ओळखायला कोणा जाणकाराची गरज पडणार नाही.