पंडिता रमाबाईंची दया आणि त्यांचं पत्र

आपल्या मालवण-वेंगुर्ल्यात ख्रिस्ती शेजारी आहेत. खरं बोला, दया करा, हे त्यांच्या चर्चमध्येही सांगतात. पण खरं बोललं की माणसं दुखावतात. मग दोन्ही एकदम जमवायचं कसं? यावर मला पंडिता रमाबाई आठवतात.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. शास्त्रीबुवांची लेक, ऐन तारुण्यात विधवा झालेली. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला. आईवडील त्यांनी दुष्काळातच गमावले होते. भूक त्यांना कुणी सांगायला नको होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग. एवढ्या मुली शहरात ठेवायला बंदी झाली, म्हणून त्यांना केडगावच्या माळावर नेलं.

इथवर झाली दया. पण पुण्याच्या प्लेगच्या दवाखान्यात बायकांची अब्रू राखली जात नाही, असं दिसल्यावर त्यांनी ते पत्र लिहून वर्तमानपत्रात छापलं. गोष्ट थेट विलायतेच्या पार्लमेंटात गेली. गव्हर्नरांनी आरोप खोटे ठरवले. म्हणजे राज्यकर्ते ख्रिस्ती, बोलणारीही ख्रिस्ती! गप्प बसणं सोपं होतं. आश्रमाला मदतही परदेशातूनच यायची. तरी त्यांनी ते छापलं.

पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी कृपासदन काढलं. फसवल्या गेलेल्या, घरानं टाकलेल्या बायकांसाठी.