तारेतला भाव आणि गाडीतला कापूस

लालबागहून काळाचौकीच्या रस्त्याने पूर्वेकडे निघाले म्हणजे आपण कॉटन ग्रीन स्टेशनापाशी येतो. येथे एके काळी कापसाचा मोठा बाजार होता, हे आजच्या तरुणांना सांगावे लागते. हा बाजार मूळचा कोटातल्या सेंट थॉमस चर्चसमोरचा. तेथून तो कुलाब्यास गेला आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात शिवडीच्या भराव जमिनीवर आला. परळ-लालबागच्या गिरण्यांत जो कापूस कातला जाई, तो पिकवणारा मात्र वऱ्हाडात नाहीतर खानदेशात बसलेला असे. शेतकऱ्याच्या हाती संगणक आणि मोबाइल दिला की त्याचे भले होईल, असे आज आपण सहज म्हणतो. तसे म्हणण्यापूर्वी ह्या बाजाराचा इतिहास एकदा आठवावा, असे आम्हांस वाटते.

अमेरिकेत 1861 साली यादवी युद्ध पेटले आणि लिव्हरपूलला आमच्या कापसाची निकड भासू लागली. बातमी तेव्हा बोटीने येई. प्रेमचंद रायचंद आपली होडी पुढे पाठवून, बोट धक्क्याला लागण्यापूर्वीच तिकडचा भाव काढून घेत, असे सांगतात. 1865 साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि अनेक पेढ्या बुडाल्या. पुढे 1870 मध्ये एडनमार्गे समुद्रातली तार मुंबईस पोचली. त्याच वर्षी खामगावच्या कापूस बाजारापर्यंत आगगाडीचा फाटाही गेला. बातमीचा आणि मालाचा, असे दोन्ही रस्ते मोकळे झाले.

मग शेतकऱ्याला काय लाभले? तारेतला भाव व्यापाऱ्याला कळे. शेतकरी रात्रभर बैल हाकून बाजारात येई तो भाव न कळताच. बरे, कळला असता तरी काय? सावकाराचे देणे डोक्यावर, माल ठेवायला वखार नाही, परत नेण्याचे भाडे अंगावर! वजनात आणि कडत्यात जाई ते वेगळेच. ह्यावर उपाय निघाला तो नव्या तारेचा नव्हे, बाजाराच्या नियमांचा. 1886 साली कारंज्यास नियंत्रित बाजार सुरू झाला आणि 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. तारेला जे साधले नाही, त्याची सुरुवात तराजूवरच्या देखरेखीने झाली.

दुसरा दाखला रेडिओचा. 1956 साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांसाठी शेतीविषयक वीस कार्यक्रम दिले. गावकऱ्यांनी मंडळ करून ऐकावे, चर्चा करावी आणि मग कामाला लागावे, अशी योजना होती. नागपाड्यात 1936 साली जन्मलेल्या टाटा समाजविज्ञान संस्थेने तिची पाहणी केली. मंडळे होती तेथे लोकांचे ज्ञान पुष्कळ वाढले; जेथे नुसताच रेडिओ होता, तेथे फार थोडे. यंत्र दोन्हीकडे होते. उणीव होती ती चार माणसे एकत्र बसण्याची.

आता आपल्या काळाकडे येऊ. 2007 मध्ये रॉयटर्सने महाराष्ट्रात मोबाइलवर मराठीतून बाजारभाव आणि हवामान कळवण्याची सेवा काढली. शंभर गावांत तिची शास्त्रशुद्ध परीक्षा झाली आणि 2012 साली निष्कर्ष छापला गेला: शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावात सरासरीने उल्लेखनीय वाढ दिसली नाही. आम्हांस ह्याचे नवल वाटत नाही. आगाऊ उचल घेतलेला माणूस भाव ऐकतो, पण माल मात्र ठरल्या जागीच घालतो.

त्यापूर्वी, 1998 साली, वारणेच्या परिसरातल्या सत्तर गावांत संगणक-केंद्रे उघडली होती. तेथे जगातली सारी माहिती मिळावी असा संकल्प होता. प्रत्यक्षात वापर राहिला तो मुख्यतः उसाच्या कामाचा: वजन किती भरले, हिशेब काय झाला. 2007 मध्ये सात गावांत हेच काम साध्या मोबाइल-संदेशाने करून पाहिले. संकल्प आटला हे खरे. पण जे उरले ते का उरले, ते पाहण्याजोगे आहे. तेथे माहितीमागे सभासदांचा साखर कारखाना उभा होता. कळलेल्या आकड्याचा जाब विचारायला जागा होती.

ह्यावरून संगणक टाकून द्या, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. बातमी हवीच. पण बातमीबरोबर वखार, वेळेवर कर्ज, खरा तराजू आणि चार जणांची संघटना हवी. नाहीतर ती तार आणि हा मोबाइल ह्यांत फरक उरत नाही. आपल्यांतल्या कितीकांचे आजोबा गाव सोडून ह्या गिरण्यांत आले, ते शेतीत भागेना म्हणूनच. कॉटन ग्रीनवरून गाडी जाईल तेव्हा एवढे आठवावे, इतकीच विनंती.